बेळगावहून किनाऱ्यावरची निवांत सफर आणि मासळीची मेजवानी: या चुका टाळा

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या माणसाला समुद्र कधी दूर वाटत नाही. घाट उतरला की कोकण, आणि कोकण आले की मासे, इतका सरळ हिशेब आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. नेमक्या या जवळिकीमुळे आपली किनाऱ्याची सफर फसते, कारण जवळच्या ठिकाणासाठी कोणी तयारी करीत नाही. पहाटे निघून दुपारी थाळी खायची, संध्याकाळी पाण्यात पाय भिजवून रात्री परतायचे, एवढाच बेत असेल तर पुढचे काही वाचण्याची गरज नाही. परंतु वेंगुर्ल्यापासून मालवणपर्यंत किंवा कारवारपासून गोकर्णापर्यंत दोन-तीन दिवस रमतगमत जायचे असेल, कातळावर बसून लाटा पाहायच्या असतील आणि त्या-त्या गावची मासळी त्या-त्या गावात खायची असेल, तर एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी लागते: किनाऱ्यावरचा दिवस आपल्या घड्याळाप्रमाणे चालत नाही. तो भरती-ओहोटी, खाडीवरचे पूल आणि होड्या किनाऱ्याला लागण्याची वेळ यांच्यावर चालतो. खाली ज्या चुका सांगितल्या आहेत त्यांपैकी बहुतेक चुका हे वेळापत्रक न पाहिल्यामुळे होतात.

एकाच सुट्टीत सगळा किनारा उरकणे

शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की विजयदुर्गापासून मुर्डेश्वरापर्यंत सगळी ठिकाणे एका कागदावर लिहिली जातात. मग प्रत्येक ठिकाणी पाऊण तास, एक छायाचित्र आणि पुन्हा गाडी, असा प्रवास होतो. किनारी रस्त्यावर ताशी साठचा वेग धरून केलेला कोणताही आराखडा पहिल्याच दिवशी कोलमडतो, कारण हे रस्ते गावांच्या मधून, नारळ-पोफळीच्या बागांच्या कडेने आणि चढ-उतारांवरून जातात. वेंगुर्ला ते मालवण हे अंतर सुमारे ५० किलोमीटर, आणि कारवार ते गोकर्ण सुमारे ६० किलोमीटर. निवांत सफरीसाठी यांपैकी एकच पट्टा निवडावा आणि दोन मुक्काम करावेत. पहिल्या पट्ट्यात मोचेमाड, वेंगुर्ल्याचा दीपगृहाचा डोंगर, खवणे, निवती, भोगवे, तारकर्ली आणि देवबाग आहेत. यांपैकी निवती आणि खवणे या दोन ठिकाणी कातळ, वाळू आणि खाडी इतक्या जवळ येतात की तेथे अर्धा दिवस सहज जातो. दुसऱ्या पट्ट्यात माजाळीपासून अंकोल्यापर्यंत डोंगर थेट समुद्रात उतरलेले दिसतात, आणि पुढे गोकर्णाला कुडले, ओम, हाफ मून आणि पॅराडाईज हे किनारे कड्यांवरच्या पायवाटेने एकमेकांना जोडलेले आहेत. ही पायवाट गाडीत बसून पाहता येत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी गोकर्णाचा बेत आपोआप सुटसुटीत होतो.

दिसेल त्या घाटाने उतरणे

आपल्या भागातून किनाऱ्याकडे उतरणारे घाट अनेक आहेत, आणि कोणत्या घाटाने उतरायचे हे किनाऱ्याचा कोणता पट्टा निवडला आहे त्यावरून ठरवावे. बेळगावहून शिनोळी, नागनवाडीमार्गे आंबोली घाट उतरून सावंतवाडी आणि वेंगुर्ला गाठता येते. संकेश्वरकडच्या लोकांनी गडहिंग्लज, आजऱ्यावरून येणारा संकेश्वर–बांदा महामार्ग धरावा; तोही आंबोलीतूनच उतरतो. निपाणीकरांना राधानगरी, दाजीपूर आणि फोंडा घाटातून जाणारा देवगड–निपाणी मार्ग सोयीचा पडतो, आणि त्यांनी देवगड–कुणकेश्वर–आचरा हा उत्तरेकडचा पट्टा निवडला तर उलटसुलट फेरी वाचते. गोव्याकडे जायचे तर जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट आहे, किंवा खानापूर, लोंढ्यावरून अनमोड घाट. कारवारसाठी मात्र गोव्यातून फेरा घेण्यापेक्षा रामनगर, जोयडा, अणशी घाट आणि कद्रा हा रस्ता अधिक देखणा आहे. तो काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातो, त्यामुळे तेथे संध्याकाळनंतर जाऊ नये, वाटेत उतरून डबे उघडू नयेत आणि इंधन रामनगरपूर्वीच भरून घ्यावे. मोबाइलचे नेटवर्क या पट्ट्यात बराच वेळ जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवलेला बरा.

तिलारी घाटाबद्दल स्वतंत्रपणे सांगावेसे वाटते. चंदगडकडून दोडामार्गाला उतरणारा हा रस्ता नकाशावर सर्वांत जवळचा दिसतो, म्हणून मोबाइल तोच सुचवतो. त्याचा उतार तीव्र असून वळणे अंगावर येणारी आहेत. घाटात गाडी चालवण्याची सवय नसलेल्याने, विशेषतः गाडी माणसांनी आणि सामानाने भरलेली असताना, तिकडे जाऊ नये.

उतारावर पुन्हा पुन्हा दिसणारी चूक म्हणजे गाडी न्यूट्रलमध्ये सोडून ब्रेकवर पाय ठेवून उतरणे. यात इंधन वाचत नाही. उलट ब्रेक तापतात आणि एका टप्प्यावर पॅडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या एसटी चालकांचा नियम आजच्या गाड्यांनाही तंतोतंत लागू पडतो. चाकांकडून जळका वास येऊ लागला किंवा पॅडल मऊ लागू लागले, तर घाई न करता दुसऱ्या किंवा पहिल्या गिअरमध्ये वेग कमी करीत रुंद जागी थांबावे आणि अर्धा तास गाडी तशीच राहू द्यावी. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, कारण अचानक थंड झाल्याने ती वाकते. थांबल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाच्या उताराकडच्या बाजूला दगड लावावा.

पावसाळ्यात आंबोली घाट धुक्यात बुडालेला असतो. येथे वर्षाला सुमारे ७५० सेंटिमीटर पाऊस पडतो असे मानले जाते, आणि जुलैमध्ये धबधब्याजवळ पाहणाऱ्यांच्या गाड्यांनी रस्ता अडतो. धुक्यात मोठा झोत लावल्यास समोर पांढरी भिंतच उभी राहते. झोत खाली ठेवावा, पिवळे दिवे असतील तर ते लावावेत आणि चालत्या गाडीत चारही इंडिकेटर चमकावत ठेवू नयेत, कारण मागच्याला आपण वळणार आहोत की थांबलो आहोत हे कळत नाही. मुसळधार पावसाच्या दिवसांत कारवार–अंकोला–कुमटा महामार्गही टाळलेला बरा. १६ जुलै २०२४ रोजी अंकोल्याजवळच्या शिरूर येथे याच महामार्गावर दरड कोसळून जीवितहानी झाली, आणि त्याच वर्षी ७ ऑगस्टच्या पहाटे कारवारचा काळी नदीवरील जुना पूल कोसळला. वाहतूक पुढे शेजारच्या नव्या पुलावरून चालू राहिली, परंतु पावसात निघण्यापूर्वी रस्त्याची त्या दिवसाची स्थिती विचारून घेण्याची सवय लावून घ्यावी.

एक लहानशी गोष्ट: घाटापूर्वी पोटभर मिसळ खाऊन मुलांना मागच्या बाकावर बसवले की दहाव्या वळणाला गाडी थांबवावी लागते. घाटाआधी हलके खावे, मुलांना मोबाइल पाहू देऊ नये आणि खिडकी थोडी उघडी ठेवावी.

समोर दिसते म्हणजे जवळ आहे असे समजणे

किनाऱ्याला समांतर जाणारा एकसलग रस्ता असावा अशी घाटावरच्या माणसाची कल्पना असते. वास्तविक प्रत्येक दहा-पंधरा किलोमीटरला एक खाडी आडवी येते, आणि रस्त्याला पुलापर्यंत आत वळावे लागते. भोगव्याच्या टेकडीवरून कर्ली नदीच्या मुखापलीकडे देवबागची वाळूची पट्टी स्पष्ट दिसते, मात्र गाडीने तेथे जाण्यासाठी परुळ्याच्या बाजूने आत जाऊन, पूल ओलांडून, तारकर्लीवरून पुन्हा समुद्राकडे यावे लागते. गोकर्णाजवळच्या तडदीहून अघनाशिनी गावाकडे पाहिले तर तीच गंमत. होडीने काही मिनिटांचे अंतर असते, पण रस्त्याने मिर्जानच्या बाजूने महामार्गावर जाऊन कुमट्याकडून पुन्हा खाली उतरावे लागते. तेरेखोलचा किल्ला तर गोव्याचा, तरी तो नदीच्या उत्तरेकडे असल्यामुळे रेडीकडून थेट गाडीने जाता येते, आणि गोव्यातील केरीहून यायचे झाले तर फेरीबोट किंवा किरणपाणी–आरोंदा पुलावरचा फेरा घ्यावा लागतो.

फेरीबोटीवर विसंबून बेत आखायचा असेल तर शेवटची फेरी किती वाजता सुटते आणि चारचाकी घेतात की नाही हे आदल्या दिवशी विचारावे. जेट्टीवर पोचून विचारणाऱ्याला अनेकदा समोरच्या काठावरचा मुक्काम सोडून द्यावा लागतो.

मोबाइलवरच्या नकाशाची दुसरी खोड अशी की तो वाडीतल्या पाणंदीलाही रस्ता समजतो. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, मध्ये एक गाडी जेमतेम मावेल एवढी जागा, समोरून विटांचा टेम्पो, आणि मागे वळायला दोनशे मीटरवर एखाद्याचे खळे: अशा कोंडीत आरसे घासले जातात आणि बंपर खरचटतो. समुद्राकडे जाणारा शेवटचा एक किलोमीटर नेहमी माणसाला विचारून जावा. नाक्यावरच्या दुकानदाराला 'काका, गाडी खालपर्यंत जाते का, आणि वळते का?' असे विचारावे. गाडी जाते, पण वळत नाही, असेच उत्तर बहुधा मिळते.

भरती-ओहोटी न पाहता कातळावर जाणे

ही चूक जिवावर बेतणारी आहे, म्हणून येथे थोडे अधिक थांबतो. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळच्या वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतील आठ जण बुडाले. आपल्या शहराला ती घटना ठाऊक आहे, तरीही पाण्यात उतरण्यापूर्वी ओहोटी चालू आहे की भरती, हे विचारणारे लोक आजही थोडे आहेत.

समुद्राला दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. दोन्हींमध्ये सुमारे सव्वासहा तासांचे अंतर असते आणि दररोज वेळ पाऊण ते एक तासाने पुढे सरकते. कोकणात जुनी माणसे तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. कृष्णपक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. यात तासाभराचा फरक पडू शकतो, परंतु दिवसाचा आराखडा ठरवायला हा अंदाज पुरतो, आणि नेमकी वेळ मोबाइलवरच्या वेळापत्रकात त्या बंदराच्या नावाने पाहता येते. मुंबईचे वेळापत्रक मालवण-कारवारला लावू नये, कारण भरती येथे आधी येते आणि पाण्याची चढ-उतारही मुंबईपेक्षा बरीच कमी असते.

या हिशेबाचा सरळ उपयोग असा. कातळावरचे खळगे, शिंपले आणि लहान मासे पाहायचे असतील तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची संध्याकाळ निवडावी, कारण त्या दिवसांत उधाणाची ओहोटी पाचच्या सुमारास असते आणि एरवी पाण्याखाली असलेला कातळ उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी असते. चढ-उतार कमी, आणि ओहोटी भर दुपारी. भरती चढत असताना एखाद्या खडकाच्या टोकाला जाऊन बसले की मागची वाट पाण्याखाली जाते, आणि ती गेल्याचे पुढे तोंड करून बसलेल्याला समजत नाही. हिरवट-काळसर दिसणारा ओला कातळ शेवाळाचा असतो. त्यावर साध्या चपलेने पाऊल टाकू नये. पांढरट, खरखरीत दिसणारा कातळ कालवांचा असतो आणि त्यावर पाय घसरला तर शिंपल्याची धार ब्लेडसारखी कापते. अशी जखम स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुऊन काढावी, आत शिंपल्याचा कण राहिला तर ती चिघळते, आणि धनुर्वाताची लस केव्हा घेतली आहे हे डॉक्टरांना सांगावे.

खाडी जेथे समुद्राला मिळते तेथे ओहोटीच्या वेळी कधीही पोहू नये. देवबागचा संगम वरून शांत दिसतो, पण त्या वेळी सगळ्या नदीचे पाणी बाहेर खेचले जात असते. उघड्या किनाऱ्यावरही दोन लाटांच्या मध्ये जेथे पाणी फुटताना दिसत नाही, तेथे बहुधा आत ओढणारा प्रवाह असतो. त्यात सापडलेल्याने किनाऱ्याच्या दिशेने धडपड न करता किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या बाहेर पडावे आणि मग लाटांबरोबर आत यावे. ज्याला पोहता येत नाही त्याने हात वर करून तरंगत राहण्याचा प्रयत्न करावा. बाहेरच्यांनी एकामागून एक पाण्यात उड्या न टाकता दोर, रिकामी पाण्याची मोठी बाटली किंवा शहाळ्यांची जोडी, जे हाती लागेल ते त्याच्याकडे फेकावे आणि कोळ्यांना हाक मारावी.

पावसाळ्यात हा प्रश्नच वेगळा होतो. मेच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या आणि पाण्यातील खेळ बंद असतात. त्या काळात किनाऱ्यावर जावे ते पाहण्यासाठी, आणि तेही दुरून.

मासळीचा मोसम, वार आणि वेळ न पाहणे

आपल्याकडे पावसाळी सहलीचा उत्साह मोठा, आणि जूनमध्ये आंबोली उतरून मालवणला जाणाऱ्यांना ताजी सुरमई हवी असते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, कारण तो अनेक माशांच्या प्रजननाचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. त्या दिवसांत ताटात येणारी सुरमई बर्फातली असते. तेव्हा खाडीचे मासे, खाडीतल्या कुर्ल्या (खेकडे) आणि सुके मासे मागावेत. सुक्या बांगड्याची किंवा सोड्यांची आमटी, शेजारी कुळथाची पिठी आणि भात, हे जेवण कमी प्रतीचे नाही. बंदी उठल्यानंतरच्या महिन्यांत बांगडा मुबलक असतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ हवा, समुद्र आणि मासळी या तिन्हींच्या दृष्टीने उत्तम असतो.

वारही पाहावा. सिंधुदुर्गात सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी अनेक घरांत मासे शिजत नाहीत, श्रावणात आणि गणपतीच्या दिवसांत तर चूल पूर्ण शाकाहारी असते, आणि लहान खानावळी त्या काळात सरळ बंद राहतात. सोमवारी पोचून 'येथे काहीच मिळत नाही' अशी तक्रार करण्यात अर्थ नाही.

घरगुती खानावळीत जेवायचे असेल तर आदल्या संध्याकाळी फोन करून किती माणसे आहेत ते सांगावे. तेथील वहिनी सकाळी बाजारात जाऊन त्या दिवशी आलेली मासळी मोजून आणतात. दुपारी अडीच वाजता न सांगता दहा जण दारात उभे राहिले तर त्यांना उरलेसुरले किंवा बर्फातले वाढण्यावाचून पर्याय राहत नाही. बरोबर लिंगायत किंवा जैन स्नेही असतील तर तेही तेव्हाच सांगावे. काजूच्या ओल्या गरांची उसळ मिळण्याच्या दिवसांत त्यांचे ताट आपल्यापेक्षा सरस असण्याची शक्यता आहे. गोकर्णात महाबळेश्वराच्या मंदिराच्या परिसरातील खानावळी शाकाहारी आहेत, त्यामुळे मासळीसाठी किनाऱ्याकडे जावे.

मागणी करताना सुरमई आणि पापलेट या दोनच नावांचा हट्ट धरणे ही आणखी एक चूक. हे दोन मासे आपल्याला बेळगावातही मिळतात. किनाऱ्यावर जाऊन खावेत ते मुडदुशे (कारवारकडे यांनाच काणे म्हणतात), सौंदाळे, पेडवे, मोरी (लहान शार्क), तिसऱ्या (लहान शिंपले), आणि कारवारकडे शिनाणे (काळे शिंपले). हे मासे लहान, नाजूक किंवा लवकर उतरणारे असल्यामुळे घाट चढून आपल्यापर्यंत त्याच चवीत क्वचितच पोचतात. 'आज काय आले आहे?' असे विचारावे. कारवारकडे सुरमईला इस्वण म्हणतात, एवढे माहीत असले की फलक वाचताना अडत नाही. ज्या माशापुढे 'बाजारभावाप्रमाणे' लिहिलेले असते त्याचा दर आणि वजन शिजवण्याआधी विचारून घ्यावे. शेवंड (लॉबस्टर), मोठ्या कुर्ल्या आणि अख्खे पापलेट यांच्या बिलावरून होणारे वाद नव्वद टक्के न विचारल्यामुळे होतात, असे माझे मत आहे. कुर्ल्या अमावास्येच्या सुमारास भरलेल्या असतात असे मच्छीमार सांगतात, तेव्हा त्या मागवायच्या असतील तर तिथीकडे याही कारणासाठी पाहावे.

बांगड्याच्या तिखल्यात तिरफळे असतात. ती चवीसाठी असतात, चावून खाण्यासाठी नव्हेत. अनोळखी माणसाने एखादे चावले तर जीभ बधिर होऊन चुरचुरते. घाबरण्याचे कारण नसते, सोलकढीचे दोन घोट घ्यावेत.

ताजेपणा विक्रेत्याच्या शब्दावर सोडणे

मालवण, वेंगुर्ला किंवा कारवारच्या बाजारात बसलेली मावशी 'बांगडो सकाळचोच आसा' असे म्हणते तेव्हा ती बहुतेक वेळा खरेच बोलत असते. तरीही स्वतः पाहावे, आणि पाहण्याची रीत माहीत असावी. बांगडा डोक्याकडून धरून आडवा उचलावा: ताजा असेल तर शेपटी सरळ राहते, शिळा असेल तर ती खाली लोंबते. पाठीवरचे निळे-हिरवे पट्टे चकाकत असावेत, डोळा फुगीर आणि स्वच्छ असावा, आणि कल्ल्याचे झाकण बोटाने उचलल्यावर आतला रंग लाल असावा. तपकिरी रंग आणि चिकट बुळबुळीत स्राव दिसला तर टोपली सोडून द्यावी. पोटाजवळ बोटाने दाबल्यावर खळगा राहू नये. सुरमईचे तुकडे घेताना मणक्याशेजारची रक्ताची रेषा पाहावी, ती लाल असेल तर ठीक, तपकिरी पडली असेल तर नाही. कोळंबीचे डोके काळे पडून सैल झालेले नसावे. तिसऱ्या तोंड मिटलेल्या असाव्यात, आणि घरी किंवा मुक्कामी आणल्यावर दोन तास मिठाच्या पाण्यात ठेवून वाळू सोडू द्यावी. शिजल्यावर ज्यांचे शिंपले उघडत नाहीत त्या टाकून द्याव्यात.

किनाऱ्यावर रापण ओढताना दिसली तर थांबून पाहावे. होडीने अर्धवर्तुळात सोडलेल्या जाळ्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरची माणसे ओढतात, आणि ती ओढली जात असताना दोरावरून उड्या मारणे, मध्येच मासे उचलणे किंवा भाव करू लागणे शोभत नाही. वाटे पडू द्यावेत, मग विचारावे.

बांगडा बाधल्यास काय करावे

बांगडा, तारली, कुपा आणि काही प्रमाणात सुरमई या माशांबाबत एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. मासा पकडल्यानंतर उन्हात किंवा गरम डिकीत राहिला तर त्यात जिवाणूंमुळे हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते. एकदा ते तयार झाले की तळल्याने, उकळल्याने किंवा नंतर बर्फात ठेवल्याने नाहीसे होत नाही. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत चेहरा व मान लाल होणे, अंग तापल्यासारखे वाटणे, डोके दुखणे, खाज, अंगावर गांधी उठणे आणि छातीत धडधड अशी लक्षणे दिसतात. तोंडात मिरीसारखी चुरचुर जाणवते, पण मालवणी मसाल्यात ती ओळखू येत नाही. बहुतेकांना हे एका दिवसात आपोआप बरे वाटते. डॉक्टरांच्या सल्ल्याने अॅलर्जीची गोळी घेतल्यास लवकर आराम पडतो. श्वास लागणे, ओठ किंवा घसा सुजणे, चक्कर येणे यांपैकी काही झाले तर वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात जावे. ज्यांना कोळंबी किंवा कुर्लीची अॅलर्जी आधीपासून आहे त्यांनी 'कालवणात फक्त रस घेतो' असली तडजोडही करू नये.

मासळी घरी आणताना होणारा घोटाळा

परतीच्या दिवशी बेळगावच्या कॅम्पातल्या मासळी बाजारापेक्षा स्वस्त मिळते म्हणून पिशव्या भरून मासे घेतले जातात आणि प्लास्टिकच्या पिशवीत थोडा बर्फ टाकून डिकीत ठेवले जातात. आंबोली चढेपर्यंत बर्फाचे पाणी होते, मासा त्या पाण्यात भिजत राहतो आणि घरी पोचेपर्यंत मऊ पडतो. थर्माकोलचा झाकणाचा खोका घ्यावा, मासे तेथेच कल्ले आणि आतडी काढून साफ करून घ्यावेत, आणि जेवढी मासळी तेवढाच बर्फ या प्रमाणात एक थर बर्फाचा व एक थर माशांचा असे भरावे. सर्वांत वर बर्फच असावा. खोक्याच्या तळाला जाड कापड किंवा जुनी वर्तमानपत्रे घालून त्याखाली ट्रे ठेवावा, नाहीतर घाटातल्या वळणांवर खोक्यातले पाणी डिकीच्या गालिच्यात मुरते आणि तो वास पुढच्या पावसाळ्यापर्यंत जात नाही. बाजारातून निघाल्यावर मध्ये कोठेही तासभर थांबून किल्ला पाहण्याचा मोह टाळावा. मासळी हीच शेवटची खरेदी असावी. सुके मासे घ्यायचे असतील तर दोन पिशव्यांत बांधून, शक्यतो गाडीच्या वरच्या कॅरिअरवर.

वाळूत गाडी नेणे

ओल्या, घट्ट वाळूवर गाडी छान चालते असे पाहून अनेक जण ती पाण्याच्या कडेला नेतात. वळताना चाक कोरड्या वाळूत जाते आणि रुतते, आणि भरती चढत असेल तर पुढचे सांगायला नको. किनाऱ्यावर गाडी नेण्यास बऱ्याच ठिकाणी मनाई आहे, आणि वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे वाळूत अंडी घालतात, म्हणून तेथे गाडी नेण्याचा विचारही करू नये.

गाडी रुतलीच तर अॅक्सिलरेटर दाबून चाके फिरवू नयेत, त्याने ती आणखी खोल जातात. सगळ्यांना खाली उतरवावे, चाकांपुढची व मागची वाळू हाताने काढावी, टायरमधील हवा निम्म्यापर्यंत कमी करावी, चाकांखाली पायपुसणी किंवा माडाच्या झावळ्या घालाव्यात, आणि ज्या चाकोरीतून गाडी आत आली त्याच चाकोरीतून ती हळूहळू मागे घ्यावी. डांबरी रस्त्यावर आल्यावर जवळच्या पंपापर्यंत सावकाश जाऊन हवा पुन्हा भरावी.

तीन राज्यांच्या सीमा विसरणे

आपल्या सफरीत कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा ही तीनही राज्ये एकाच दिवसात येऊ शकतात. गोव्यातून मद्य परवान्याशिवाय बाहेर नेणे बेकायदेशीर आहे, आणि घाटाच्या वाटांवरील नाक्यांवर गाड्या तपासल्या जातात. एका बाटलीपायी सगळ्या कुटुंबाने नाक्यावर ताटकळत बसण्याचे प्रसंग घडतात. भाड्याची गाडी घेत असाल तर ती खासगी पाटीची नाही ना, आणि टॅक्सीला शेजारच्या राज्यांचा परवाना व कर भरलेला आहे ना, हे निघण्यापूर्वी चालकाकडून कागद पाहून खात्री करून घ्यावी. कारवारच्या दक्षिणेला महामार्ग आयएनएस कदंब या नौदल तळाजवळून जातो. तेथे छायाचित्रे घेण्यास मनाई आहे, आणि डोंगर-समुद्राचे दृश्य कितीही मोहक असले तरी गाडी रस्त्याकडेला लावू नये. छायाचित्रांसाठी पुढे बेलेकेरीकडे जागा भरपूर आहे.

घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी खालच्या बाजूने गोड्या पाण्याने धुऊन घ्यावी, विशेषतः चाकांच्या कमानींच्या आत आणि दारांच्या खालच्या कडांना, कारण खारे वारे आणि ओली वाळू तेथेच साचून राहते आणि गंज चढायला तेथूनच सुरुवात होते.